मैत्री एक्सप्रेस: गाडी चांगली, पण सेवेला आधार कोणाचा?

कोलकाता ते ढाका या मैत्री एक्सप्रेसच्या डब्यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. पूर्ण वातानुकूलित गाडी, सुमारे पावणेचारशे किलोमीटरचे अंतर, आणि नोव्हेंबर 2017 पासून पासपोर्ट व कस्टमची तपासणी गेदे-दर्शना सीमेऐवजी दोन्ही टोकांच्या स्थानकांवर होऊ लागल्याने वाचलेला वेळ, एवढ्यावरच प्रवासी म्हणून मी तिला चांगले गुण देईन. हार्डिंज पुलावरून पद्मा ओलांडताना तर हातातले पुस्तक मिटावे. 1915 चा हा पूल 1971 च्या युद्धात मोडला आणि भारताच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. तिकीट मात्र तिकीटघरात जाऊनच काढावे लागे, ही गैरसोय होती.

पण सेवा म्हणजे केवळ आसने नव्हेत. ती उद्याही मिळेल हा भरवसा प्रवाशाला हवा असतो. जुलै 2024 मध्ये बांगलादेशातील आंदोलनामुळे गाडी थांबली, 5 ऑगस्टला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, मुहम्मद युनूस यांचे अंतरिम सरकार आले, आणि त्यानंतर वर्ष उलटले तरी दोन्ही देशांना जोडणाऱ्या मैत्री, बंधन व मिताली या तिन्ही प्रवासी गाड्या बंदच राहिल्या. भारताने पर्यटन व्हिसा देणेही थांबवले. मला हे विशेष खटकते, कारण मैत्री एक्सप्रेस हसीना यांची देणगी नव्हती: 14 एप्रिल 2008 रोजी ती सुरू झाली तेव्हा ढाक्यात काळजीवाहू सरकार होते. पुढे मात्र बंधन आणि मिताली हसीना यांच्या काळात आल्या, दिल्लीचा सारा संवाद एका नेत्याभोवती आणि एका पक्षाभोवती गुंफला गेला, आणि त्या नेत्याबरोबर या सेवेचाही आधार गेला.

दिल्ली-ढाका संबंध पुढेही ताणलेलेच राहिले: युनूस यांनी मार्च 2025 मध्ये चीनचा दौरा केला, बांगलादेशाची पाकिस्तानशी परराष्ट्र सचिव पातळीवरची बोलणी पंधरा वर्षांनी झाली, आणि भारताने एप्रिलमध्ये बांगलादेशी मालाची ट्रान्सशिपमेंट सवलत, म्हणजे भारतातील बंदरे व विमानतळांमार्गे तिसऱ्या देशांत माल पाठवण्याची मुभा, काढून घेतली. तरीही पेट्रापोल-बेनापोल या सीमानाक्यामार्गे व्यापार पुरता थांबला नाही, आणि 1996 चा गंगा पाणीवाटप करार, जो तीस वर्षांसाठी केलेला, सरकार बदलले म्हणून मोडला नाही. ज्या व्यवस्थेला लेखी मुदत आहे किंवा जिच्यात दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचा पैसा गुंतलेला आहे, ती तगली. सामान्य प्रवाशाच्या मागे असे कोणीच उभे नव्हते. कोलकात्यात उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांना आणि सीमेपलीकडे नातलग असलेल्या कुटुंबांना त्याची झळ सर्वाधिक बसली, आणि ही माणसे ना हसीना यांच्या बाजूची होती ना युनूस यांच्या.

म्हणून गाडीला पाचपैकी चार तारे, आणि ती चालवणाऱ्या दोन्ही सरकारांना एक. गाड्या पुन्हा सोडताना त्या किमान किती वर्षे चालतील आणि कोणत्या कारणानेच थांबवता येतील, हे दोन्ही रेल्वेंच्या करारात लिहून घ्यावे.