चुंबक चिकटला नाही म्हणून 304 समजलो

पाण्याच्या पंपाला लागणाऱ्या 600 कनेक्टरची ऑर्डर होती. ड्रॉइंगमध्ये पितळ होतं. आम्ही लेथवर ज्या धातूच्या सळया (बार) कातून भाग बनवतो, त्यांच्या व्यापाऱ्याने सुचवलं, "पितळ कशाला? काळं पडतं. त्याहून कमी भावात 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील देतो." मला ते पटलं, कारण हे भाग जिथे बसणार होते तिथे अमोनिया असलेलं द्रावण वापरून सफाई होते, आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. ग्राहकानेही बदल मान्य केला. धातूची निवड चुकली नव्हती. फसलो ते माल घेताना.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. महाग पडतं ते निकेल. तेच कमी करून मँगनीज वाढवलेलं 200 मालिकेचं स्टील दिसायला हुबेहूब तसंच असतं आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. मी मात्र बारला चुंबक लावला, चिकटला नाही, तेवढ्यावर समाधान मानलं. उलट खरं 304 थंड अवस्थेत ओढलं किंवा वाकवलं, तर त्याला थोडा चुंबक लागतो. म्हणजे ही परीक्षा दोन्हीकडून फसवी आहे.

व्यापाऱ्याने टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली होती. कागदावर हीट नंबर (धातू ज्या भट्टीच्या ओतीतून आला तिचा क्रमांक) होता, बारवर काहीच नव्हतं. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. सर्टिफिकेट कुठल्याही मालाचं असू शकतं; बारवरचा नंबर त्याच्याशी जुळला तरच ते त्या मालाचं.

चार महिन्यांनी ग्राहकाने फोटो पाठवले. आट्यांच्या मुळाशी तांबूस डाग पडले होते, काही ठिकाणी बारीक खड्डे. प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी) तपासणी करून घेतली: निकेल जेमतेम 1 टक्का, मँगनीज 9 च्या वर. सगळा लॉट बदलून द्यावा लागला. व्यापारी म्हणाला, "कातताना तुमच्याकडेच गंज लागला असेल." लोखंडाचे कण चिकटून वरवर गंज येतो हे खरं आहे, पण त्याने निकेल कमी होत नाही. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पैसे मात्र परत मिळाले नाहीत. ऑर्डरमध्ये मी फक्त 'एसएस बार' लिहिलं होतं, ग्रेड नाही. ही चूक माझी, आणि ती मला अजून बोचते.

आता ऑर्डरमध्ये ग्रेड लिहितो, शिवाय 'तपासणीत नापास झाल्यास माल परत' अशी ओळ घालतो. प्रत्येक बंडलमधून एक तुकडा कापून तपासतो, आणि तो अहवाल येईपर्यंत लेथवर बार चढवत नाही. बॅटरी आणि द्रावणाचे थेंब वापरायची तपासणीही करतो. मँगनीज जास्त असलं की थेंब लालसर होतो. पण ती पहिली चाळणी, टक्केवारी त्यातून कळत नाही.

पितळ घेतानाही हेच करा. पितळी मुलामा दिलेले जस्ताचे ओतीव भाग सर्रास पितळ म्हणून खपवले जातात. पितळेची घनता घन सेंटिमीटरला 8.4 ते 8.5 ग्रॅम, जस्ताच्या मिश्रधातूची 6.7 च्या आसपास. एका भागाचं आधी कोरडं आणि मग पाण्यात बुडवून वजन केलं की फरक कळतो, आणि कानसीने घासलं की आतला राखाडी रंग दिसतो.