नाशिकमधील माती परीक्षण: द्राक्षबागेसाठी चोख, वनराईसाठी अपुरे

दिंडोरी रस्त्यालगत, द्राक्षबागांनी वेढलेली आमची छोटी खासगी वनराई आहे. शेतातील युरिया आणि शेणखतातून उडणारा अमोनिया व वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड पावसाबरोबर आणि धुळीबरोबर झाडांखाली उतरत राहतात. त्यांचा मातीवर काय परिणाम होतो हे समजावे, म्हणून शहरातील एका खासगी प्रयोगशाळेकडे आम्ही नमुने दिले.

कर्मचारी जाणकार आहेत. पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा कसा घ्यावा, हे त्यांनी नीट दाखवले आणि अहवालही वेळेत दिला. सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) असे सारे रकाने त्यात होते. मात्र उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या खाली असल्याने ‘कमी’ असा शेरा होता आणि शिफारशीच्या रकान्यात चक्क युरियाची मात्रा लिहिलेली होती. हवेतून येणाऱ्या नत्राचीच चिंता असलेल्या जंगलासाठी हा सल्ला घातक आहे.

मुळात परमँगनेट पद्धतीने (परमँगनेट हे रसायन वापरून) मोजलेला हा आकडा पिकाला किती नत्र मिळू शकेल, एवढेच सांगतो. त्या नत्रात अमोनियम किती आणि नायट्रेट किती, ही त्याची दोन रूपे त्यातून वेगळी कळत नाहीत. जंगलात प्रश्न नेमका तोच असतो. जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करताना आम्लता सोडतात. झाडांनी न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही सोबत नेते, आणि सामू 5 च्या आसपास वा खाली गेला की विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांना इजा करू लागते. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1988 पासून जंगलाच्या मातीत मुद्दाम नत्र घालून अशा परिणामांचा अभ्यास झाला आहे. आपली बेसाल्टपासून बनलेली काळी माती चुनखडीमुळे ही आम्लता बरीच पेलते, परंतु त्र्यंबककडच्या, अतिपावसाने धुपलेल्या तांबड्या मातीबद्दल तेवढे निश्चिंत राहता येणार नाही.

द्राक्ष बागायतदारांना ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. वनराईसाठी जाणाऱ्यांनी अमोनियम, नायट्रेट, विनिमयक्षम (मातीच्या कणांना सैलसर चिकटलेले) कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि कर्ब-नत्र गुणोत्तर यांची चाचणी स्वतंत्रपणे मागावी. विचारल्यावर प्रयोगशाळेने वेगळे शुल्क घेऊन ती करण्याची तयारी दाखवली. मात्र अमोनियम-नायट्रेटसाठीचा नमुना बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचवावा लागतो, कारण ओली माती उबेत राहिली की नायट्रेटचे प्रमाण पिशवीतच बदलू लागते.