लॅरियनचा 'ओरिजिनल सिन २': आधी चिलखत फोडा, मग डाव टाका

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या व्हिडिओ गेममुळे बेल्जियमचा लॅरियन स्टुडिओ घराघरांत पोचला. पण डावपेचांची खरी मजा त्यांच्या २०१७ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' या गेममध्येच आहे.

प्रत्येक पात्राला दर फेरीला सहसा चार ॲक्शन पॉइंट (हालचाल आणि हल्ल्यांवर खर्च करायचे गुण) मिळतात, न वापरलेले साठवून सहापर्यंत नेता येतात. शत्रूला दोन चिलखतं असतात, शारीरिक आणि जादुई. शारीरिक चिलखत शून्यावर आल्याशिवाय तो आडवा पडत नाही आणि जादुई उतरल्याशिवाय गोठत नाही. नवखे इथेच अडकतात: आपल्या टोळीतल्या चौघांपैकी दोघे तलवार चालवतात, दोघे जादू, आणि दोन्ही चिलखतं अर्धवट फुटतात. एका शत्रूवर एकाच प्रकारचा मारा करा. आपलं पात्र धनुर्धारी असलं तरी कौशल्यांचे पॉइंट आधी वॉरफेअर या युद्धकौशल्यात घाला, कारण त्याने सगळाच शारीरिक मारा वाढतो.

खेळाच्या सुरुवातीच्या फोर्ट जॉय या ठिकाणी किनाऱ्यावरच्या मगरींकडून टेलिपोर्टचे (कुणालाही उचलून दुसरीकडे टाकणारे) हातमोजे मिळवाच! उंचावरचा तिरंदाज उचलून तेलाच्या डबक्यात टाकायचा, वर आगीचा एक बाण. पाऊस पाडून वीज सोडली तर ओल्यात उभे असलेले सगळे सुन्न होतात, अर्थात जादुई चिलखत उतरलं असेल तरच. आपली माणसं त्या पाण्यात नाहीत ना, हे आधी बघा.

सामानाची पिशवी आवरणं मात्र कंटाळवाणं आहे. शिवाय दोन लेव्हल वरच्या शत्रूला भिडलात तर आकडेच तुम्हाला हरवतात. तिथून मागे फिरा, आधी राहिलेल्या मोहिमा उरका.