शक्तिमान तीन टनी: भंगारातून उचलायचा तर काय बघून

कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे किंवा शीळफाट्याच्या भंगार गाळ्यांत हिरवा, लांब नाकाचा ट्रक उभा दिसला की विकणारा छातीठोकपणे सांगतो, "मिलिटरीचा शक्तिमान आहे, डोळे मिटून घ्या." डोळे उघडेच ठेवा. गाडी दणकट आहे यात वाद नाही. पण शक्तिमान म्हणून जे विकलं जातं ते दर वेळी शक्तिमान नसतं. आणि खरा शक्तिमान असला तरी तो रस्त्यावर काढता येईलच असं नाही.

मूळ गाडी जर्मनीच्या मान कंपनीची, ४१५ एल १ एआर. तिचा परवाना घेऊन १९५०च्या दशकाच्या अखेरीस जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बांधणी सुरू झाली. १९६९ साली तिथंच व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि काम तिकडे गेलं. १९९६मध्ये उत्पादन थांबलं. सहा सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि लष्करी हिशेबानं तीन टन माल. हिच्या जागी आलेले अशोक लेलँड स्टॅलियन आणि टाटा एलपीटीए हे दोन्ही सपाट तोंडाचे आहेत, त्यामुळे तिथं गल्लत होत नाही. गल्लत होते ती नाकवाल्या टाटा १२१० एसई गाड्यांशी. त्याही लष्करात होत्या, पण साध्या नागरी एसईला हिरवा रंग फासून उभी करणारेही आहेत.

ओळख पटवायची तर आधी खाली वाका. पुढच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियलचा गोळा हवा. तो नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. मागच्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाचा थर आणि वर छोट्या दिव्याची जागा दिसली तर गाडी ताफ्यात चाललेली आहे. रात्री मोठे दिवे बंद असताना मागच्या ड्रायव्हरला तेवढाच पांढरा ठिपका दिसावा म्हणून ती सोय असते. पुढे पिवळी गोल चकती आणि त्यात काळा आकडा असेल तर तो पुलाच्या भारक्षमतेचा वर्ग आहे, युनिटचा नंबर नव्हे. लष्करी नंबरात बाणानंतरचे दोन आकडे सालाचे असतात. शक्तिमानवर ९६च्या पुढचं साल रंगवलेलं असेल तर थेट जाब विचारा.

रंगवलेल्या नंबराला आरटीओत मात्र काही किंमत नाही, तिथं चेसिस नंबर बोलतो. वायरब्रश आणि डिझेलनं चेसिसची पट्टी घासा, कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या आणि तो फॅक्टरीच्या पाटीशी व विक्रीच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा. नंबराभोवती वेल्डिंगची शिवण किंवा ग्राइंडरचा चट्टा दिसला तर व्यवहार तिथंच सोडा.

कागदांबाबत एकच गोष्ट पक्की धरा. लष्करातून निघालेल्या गाडीची नागरी नोंदणी करायची तर संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ विक्री दाखला, म्हणजे फॉर्म २१, लागतो. एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीची पावती आणि मधल्या तीन व्यापाऱ्यांची बिलं म्हणजे तो दाखला नव्हे. लॉट, म्हणजे लिलावातला गाड्यांचा गट, मोडीत काढण्यासाठी विकला गेला असेल तर वाशी, पनवेल, ठाणे कुठल्याही आरटीओत खेटे घातले तरी ती गाडी रस्त्यावर येत नाही. अशा वेळी तिचा भाव भंगाराचाच. काट्यावर चढवा, वजन करा आणि त्याच हिशेबानं बोला.

म्हणूनच आमचं मत सरळ आहे. भाडं मारायला ही गाडी घेऊ नका. कारखान्याच्या किंवा नर्सरीच्या बंदिस्त आवारात पाणी, माती, राडारोडा वाहायला मात्र जरूर घ्या. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. पण ही सवलत फाटकापर्यंतच. तळोजा एमआयडीसीत एका प्लॉटमधून समोरच्या प्लॉटमध्ये न्यायचं म्हटलं तरी मधला रस्ता सार्वजनिकच असतो. कागद पूर्ण असून नोंदणी करणार असाल तर हिरवा रंग आधी खरवडा. ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याशिवाय कुणालाही चालत नाही.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारणं ही सगळ्यात महागडी चूक. आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धंअर्धं ओता, दोन दिवस मुरू द्या. मग पहार किंवा लांब पान्यानं क्रँक हातानं फिरवा, दोन पूर्ण फेरे. दोन यासाठी, की चार-स्ट्रोक इंजिनात सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद व्हायला तेवढे लागतात. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका, टॅपेटची झाकणं उघडून चिकटलेला व्हॉल्व्ह शोधा.

पंप-नोझलचं काम इथं नेहमीपेक्षा नाजूक आहे. हे इंजिन मानच्या 'एम' पद्धतीचं. पिस्टनच्या डोक्यावर गोल वाटी असते आणि बहुतेक डिझेल हवेत न उडता त्या वाटीच्या भिंतीवर पातळ थरासारखं पसरतं. तिथून ते तापून वाफ होत जळतं, म्हणून चांगल्या स्थितीतलं इंजिन कमी खडखडतं. पण फवाऱ्याचा कोन जरा चुकला की सगळं बिघडतं. थंड असताना पांढरा धूर, लोडवर काळा, आणि ऑइलमध्ये डिझेल. "टाटाचा नोझल बसतो" असं सांगणारे भेटतील. भोकात बसणं आणि फवारा जागेवर पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या नोझलवरचा नंबर वाचून तोच मागा.

नोझलना डिझेल पुरवणाऱ्या लाइन पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, हातानं मागेपुढे सरकते का, हेही पहिल्या स्टार्टआधी बघा. पूर्ण डिझेलच्या बाजूला ती अडकलेली असेल तर इंजिन चालू होताच बेफाम फिरत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. इंजिनाची हवा अडवायला एक माणूस जाड फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा ठेवा. फळीच, हात किंवा फडकं नाही. टाकी मात्र सरळ खाली उतरवा. आतला गंज डिझेलनं धुऊन जात नाही, आणि नवा फिल्टर तासाभरात तुंबतो.

ब्रेक आधी ओळखा: नुसती हवा आहे की हवेच्या मदतीनं चालणारं ब्रेक ऑइल. दुसऱ्या प्रकारात आपल्या दमट हवेत व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडतात. किट बदलून चार दिवस भागतं, मग नवं रबर त्याच खड्ड्यांवर कापलं जातं. सिलिंडरच बदला किंवा लेथवर स्लीव्ह घाला. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं ऑइल काढून चुंबक फिरवा. बारीक चुरा चालेल, दाताचा तुकडा चालणार नाही. चारही कोपऱ्यांना एकाच मापाचे, सारखे झिजलेले टायर हवेत, आणि पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नाही. वळणावर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल सारखं अंतर कापत नाहीत, तो ताण गिअरच्या दातांवर येतो.

पाण्याचा टँकर करताना हमखास चुकणारं गणित असं. २.५ मीटर लांब, १.२ रुंद, १ मीटर उंच टाकीत ३,००० लिटर मावतं म्हणून लोक तीच बनवतात. पाणीच तीन टन झालं, वर ४ मिलिमीटर पत्र्याची टाकी आडव्या पडद्यांसह पाचशे किलोच्या आसपास. उंची ८० सेंटिमीटर ठेवा. पाणी २,४०० लिटर, टाकी व आतले दोन पडदे मिळून सुमारे ४३५ किलो, आणि खालच्या सांगाड्याला दीडशे किलो उरतात. भारही खाली राहतो. पडद्यांना खाली-वर भोकं हवीत, पण पडदे गाळू नका. अर्धी भरलेली टाकी ब्रेक मारताना पाण्याचा सगळा लोंढा पुढे ढकलते.

टाकी चेसिसला वेल्ड करू नका आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकंही पाडू नका. ही चेसिस खडबडीत जागी पिळली जाण्यासाठीच बनलेली आहे. वर ताठ टाकी जखडली तर पहिल्या पावसाळ्यातच कोपऱ्याला तडा जातो, टाकीला किंवा चेसिसला. सांगाडा मागे पक्का आवळा, पुढे यू-बोल्टला स्प्रिंग द्या, मध्ये जाड रबर किंवा सागाची पट्टी.

सुट्या भागांचं म्हणाल तर बेअरिंग त्याच्यावरच्या नंबरानं आणि ऑइल सील मापानं मिळतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. होज कळंबोलीत समोर बसून दाबून घेता येतात. ट्रान्सफर केसचे आणि पुढच्या गोळ्याचे दाते मात्र दुकानात शोधू नका. त्यासाठी त्याच लॉटमधली दुसरी मोडकी गाडी विचारा, आणि ती काट्याच्या भावानं मिळत असेल तर पहिलीसोबतच उचला.