तुर्भ्याचे गॅरेज : ऑक्सिजन सेन्सर आधी तपासतात, मग बदलतात

नेरुळहून ठाण्याला रोज जाणाऱ्या माझ्या नऊ वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि १४ चे ॲव्हरेज हळूहळू १२ वर आले. आधी ज्या वर्कशॉपमध्ये गेलो, तिथे स्कॅनरवर पी०१३५ हा कोड दिसताच, बॉनेटही न उघडता, पुढचा आणि मागचा असे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारे) बदलण्याचे कोटेशन हाती ठेवण्यात आले. हा कोड पुढच्या सेन्सरला गरम करणाऱ्या हीटरच्या सर्किटमधला बिघाड दाखवतो, पण त्या सर्किटमध्ये फ्यूज, वायरिंग आणि कनेक्टरही येतात. त्यामुळे मी गाडी तिथे सोडली नाही.

तुर्भे एमआयडीसीतील या छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी प्रथम फ्यूज पाहिला, मग कनेक्टर सोडवून गाडीकडून हीटरला १२ व्होल्टचा पुरवठा येतो का ते मोजले. तो व्यवस्थित होता. नंतर सेन्सरच्या बाजूने हीटरचा रोध मोजला; तो काही ओहम असायला हवा होता, मात्र मीटरने सर्किट तुटलेले दाखवले. हे मला शेजारी उभे करून दाखवले, याचे मला विशेष मोल वाटते. मागच्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनवर जवळपास स्थिर होता, म्हणजे तो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही ठीक असल्याने त्याला हात लावायचा नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

सायलेन्सरच्या उष्णतेने आटे धरून बसतात, म्हणून गंज सोडवणारे तेल मारून, वायर बाहेर राहील अशा खाचेच्या सॉकेटने जुना सेन्सर काढला. नव्याचे टोक कशालाही न लावता, मूळ प्लगसह तो बसवला. वायरी कापून जोडण्याचा पर्याय त्यांनी सुचवलादेखील नाही. कोड पुसून पाम बीच रोडवर फेरी मारली, तेव्हा स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झरझर खालीवर होताना दिसला, म्हणजे तो नीट काम करत होता. दिवा त्यानंतर लागलेला नाही आणि ॲव्हरेज पुन्हा १४ च्या आसपास आहे.

मजुरी ६०० रुपये घेतली. सेन्सर मागवावा लागल्याने गाडी एक रात्र तिथेच राहिली आणि बसायला जागा नाही, एवढीच गैरसोय झाली. जुना सेन्सर नव्याच्या खोक्यात घालून, बिलावर पार्ट नंबर लिहून परत दिला.