१६×२ एलसीडी मॉड्यूल : नागपूरचा एक उन्हाळा काढल्यानंतर

घरच्या डेझर्ट कूलरचा पंप खोलीच्या तापमानानुसार चालू-बंद करण्यासाठी बांधलेल्या कंट्रोलरवर मी १६×२ म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचे साधे एलसीडी मॉड्यूल बसवले; त्याच्या पाठीला आयटूसी पाटी, म्हणजे दोनच तारांवरून आलेले संदेश डिस्प्लेला पोचवणारे छोटे सर्किट, झाळलेली आहे. सीताबर्डीवरून आणलेले हे मॉड्यूल मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत रात्रंदिवस चालले. पडद्यावर भलतीच अक्षरे उमटण्याची तक्रार या मॉड्यूलबद्दल सर्रास ऐकू येते आणि ती मलाही आली. मात्र ती अक्षरे कधी व कशी उमटतात हे पाहिले, तर दोष बहुधा मॉड्यूलबाहेरच सापडतो.

माझ्याकडे पंप बंद होण्याच्या क्षणीच पडदा बिघडत असे. मॉड्यूलमधल्या हिताचीच्या एचडी४४७८० या कंट्रोलर चिपशी किंवा तिच्या प्रतिकृतीशी आयटूसी पाटी डेटाच्या चार तारांनीच बोलते, म्हणजे प्रत्येक अक्षराचा आठ बिटांचा संकेत चार-चार बिटांच्या दोन तुकड्यांत जातो. रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, पंपाचा प्रवाह तोडताना उडणाऱ्या ठिणगीचा विद्युत गोंगाट इनेबलच्या, म्हणजे 'आता तुकडा वाच' असे सांगणाऱ्या तारेवर एक खोटा ठोका म्हणून उमटला, की डिस्प्ले एका तुकड्याने पुढे सरकतो आणि तिथून पुढे तुकड्यांच्या जोड्या चुकतच जातात. ४ या अंकाचा संकेत हेक्सामध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या संख्यापद्धतीत, ३४ आणि ५ चा ३५. पहिल्याचा उत्तरार्ध दुसऱ्याच्या पूर्वार्धाला जोडला तर ४३ होतो, आणि तो आहे रोमन 'सी'. तापमानाच्या जागी मधूनच रोमन अक्षरे दिसू लागण्याचे कोडे एवढ्याने सुटते.

उपाय मुळाशीच करावा लागला. रिलेच्या संपर्कांना समांतर १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, मेन्सवर चालणारा एक्स-२ प्रकारचा कपॅसिटर यांचा स्नबर, म्हणजे ठिणगी शमवणारी जोडी, लावला, मॉड्यूलच्या पाच व्होल्ट व ग्राउंडच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर झाळला आणि आयटूसीच्या तारा पंपाच्या वायरपासून दूर नेल्या. स्नबर मेन्सच्या बाजूला येत असल्याने हे काम प्लग काढूनच करावे. शिवाय पंप बंद झाल्यावर प्रोग्रामने डिस्प्ले पुन्हा इनिशियलाइझ करावा, म्हणजे सुरुवातीच्या आज्ञा नव्याने पाठवाव्यात, अशी सोय केली. सुरुवातीलाच ३ हा तुकडा तीनदा पाठवण्याची जी पद्धत आहे, ती अशा चुकलेल्या जोड्या ताळ्यावर आणण्यासाठीच आहे. त्यानंतर हा बिघाड दिसला नाही.

अंशाच्या चिन्हाची गोष्ट वेगळी. प्रोग्राम लिहिण्याच्या एडिटरमध्ये टंकलेले ते चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय अक्षर-संकेतात दोन बाइटांचे असते, आणि जपानी लिपीचा रॉम (अक्षरांचे आकार साठवलेली स्मृती) असलेला हा डिस्प्ले त्यांच्या जागी काताकाना या जपानी लिपीतले एक अक्षर व आडवी रेघ दाखवतो. २२३ हा (नेहमीच्या दशमान पद्धतीतला) संकेत थेट पाठवला की गोल चिन्ह नीट उमटते. वरच्या ओळीत नुसते ठोकळेच दिसत असतील, तर डिस्प्लेपर्यंत आज्ञा पोचलेल्याच नाहीत असे समजून आधी पाटीचा आयटूसी पत्ता (प्रोग्राम तिला ज्या क्रमांकाने ओळखतो तो) तपासावा. तो बहुधा हेक्सामध्ये २७ किंवा ३एफ असतो.

आता खरी तक्रार. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा खिडकीजवळच्या बंद डबीत काच चांगलीच तापते, द्रव स्फटिकांना लागणारा व्होल्टेज उतरतो, आणि सकाळी नीट जुळवलेला कॉन्ट्रास्ट दुपारी इतका गडद होतो की अक्षरांमागचे ठोकळे उमटून ८ आणि ६ यांत फरक राहत नाही. साध्या मॉड्यूलची मर्यादा सहसा ५० अंश असते, त्यामुळे आपल्याकडे ते उन्हाच्या बाजूला बसवूच नये. मी डबी आतल्या भिंतीवर हलवली. त्यातही कॉन्ट्रास्टचा निळा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा छोटा रोध, पाठीमागच्या पाटीवर असल्याने दर वेळी डबी उघडून पेचकस लावावा लागतो, आणि ही मांडणी मला मुळीच पटलेली नाही.

बॅकलाइट मात्र अजून मंदावलेला नाही आणि एकही ठिपका गेलेला नाही. या किमतीत दुसरे मॉड्यूलही हेच घेईन, फक्त तो प्रीसेट काढून त्याच्या जागी दहा किलोओहमचा पोटेन्शियोमीटर (हाताने फिरवायचा रोध) डबीच्या दर्शनी बाजूला आणीन.