मुलींची फी माफी आणि महाडीबीटीचा अर्ज : एका आईचा अनुभव

माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खासगी कॉलेजात, पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. आमची औसा तालुक्यात साडेतीन एकर कोरडवाहू, सगळी भिस्त सोयाबीनवर. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय निघाला नसता तर नीटला मार्क असूनही तिला घरी बसवावं लागलं असतं.

आधी निम्मीच फी माफ व्हायची. आता 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. माझ्या पुतण्याला मात्र अजून निम्मी भरावीच लागते, आणि त्यांचंही रान आमच्याएवढंच. अभिमत विद्यापीठ किंवा मॅनेजमेंट कोटा असेल तर ही सवलत नाही. कॉलेजांचा पसंतीक्रम भरतानाच हे बघा, मागाहून काही करता येत नाही.

प्रवेशाला गेलो तर कॉलेजच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली. "सरकारचे पैसे आले की परत देऊ," म्हणाले. मिस्टरांनी जीआरची प्रत पुढे ठेवली, तेव्हा कुठे हमीपत्रावर भागलं. मग महाडीबीटीवरचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाइटवरचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला अडकून पडला. लेकीने रोज डबा खायच्या सुट्टीत क्लार्कसमोर उभं राहून तो पुढे ढकलवला. म्हणून म्हणते, अर्ज भरला की झालं असं समजू नका, स्टेटस बघत राहा.

आणखी एक. वसतिगृह भत्त्याचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यावरच जातात. तुम्ही पासबुक कुठलंही द्या, शेवटचं सीडिंग (आधारची जोडणी) ज्या बँकेत झालंय तिथेच जमा होणार. शाळेत काढलेलं जुनं खातं बंद पडलं असेल तर आधी बँकेत जाऊन सीडिंग बदलून घ्या. उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढा, नंतर तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

मेस, हॉस्टेल, डिपॉझिट, पुस्तकं, ॲप्रन हे सगळं घरचंच. अभ्यासाला लागणारा हाडांचा संच आम्ही सीनियर मुलीकडून जुना घेतला. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचाही अर्ज जरूर करा. पण तो सत्राच्या सुरुवातीलाच हातात पडायला हवा. मेसवाले पैसे आगाऊ घेतात, आणि सोयाबीन तर दिवाळीच्या सुमाराला विकलं जातं.

फी माफीला माझ्याकडून पाचपैकी पाच, अर्जाच्या वाटेला तीन.